चिऊच्या कॉम्प्युटरचा बंदोबस्त

पडद्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर येऊन बसला, तो पुढे सरकायचं नावच घेईना. 'कृपया कॉम्प्युटर बंद करू नका,' असं खाली लिहिलं होतं. बंद करणं तर सोडाच, मामाला तो उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटत होता.

आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. इतर दिवशी तो एका हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यांच्यापासून सुटका म्हणून पाय पसरावेत, तर सकाळीच बहिणीचा फोन आला होता. "तुझ्या दाजींनी बोलावलंय. चिऊच्या कॉम्प्युटरचं काम आहे." चिऊ म्हणजे तिची मुलगी. बारावीत होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. ताईला नाही म्हणणं मामाला जन्मात जमलं नव्हतं.

काम म्हणजे, घरगुती सिस्टिमच्या जागी वरच्या दर्जाची, ऑफिसात वापरतात ती 'प्रो' टाकायची.

"घरात प्रो कशाला हवी, दाजी?" मामाने आल्याआल्या विचारलं होतं.

"घरच्या सिस्टिममध्ये पक्की बंदी घालता येत नाही. चौकशी केलीय मी," दाजी म्हणाले. "तो पत्त्यांचा खेळ उघडता कामा नये. तसला दुसरा टाकता येऊ नये. रात्री जेवणं झाली की कॉम्प्युटर चालूच होऊ नये. आणि ही बंदी कुणाला काढता येऊ नये."

"कुणाला म्हणजे?"

"कुणालाच."

मामाच्या कपाळावर आठी पडली. घरात पोरगी आहे की कैदी? चिऊ पलंगाच्या कडेला पुस्तक उघडून बसली होती. इतकं ऐकूनही तिने फक्त पान उलटलं. "मामा, वेळ लागला तरी चालेल, पण नीट कर," एवढंच म्हणाली. पोरीला पार दबवून ठेवलंय, असं मामाला वाटलं आणि त्याला तिची फार दया आली.

तेव्हापासून कटकटींना तोटा नव्हता. आधी खुर्ची. ती इतकी उंच केलेली होती की मामाचे पाय लोंबकळायला लागले. एवढीशी चिऊ हिच्यावर बसते कशी, देव जाणे! मग प्रोसाठी विकत आणलेला परवान्याचा नंबर सिस्टिमने ओळखायलाच नकार दिला. मदतीच्या फोनवर माणसाऐवजी गाणं लागलं आणि मामाचा कान तापेपर्यंत तेच वाजत राहिलं. नंबर एकदाचा पटला, तर कॉम्प्युटरमध्ये जागा अपुरी. जागा केली, तर नेट गेलं.

"दाजी, तुमच्या फोनवरून नेट द्या जरा."

दाजींनी खिशातून बटणांचा इवलासा फोन काढला.

"हे काय? हा कुठल्या म्युझियममधून आणलात? तुमचा मोठा फोन कुठाय?"

"काढून टाकला. डोळ्यांना त्रास होत होता," दाजी खिडकीकडे बघत म्हणाले.

ताई चहा घेऊन आली होती. तिने कप जरा जोरातच टेबलावर ठेवला. मामाने स्वतःच्या फोनचं नेट जोडलं.

आणि आता हे अठ्ठ्याऐंशी. रिकामा कप घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

"ताई, तू तरी समजाव ना त्यांना. चार डाव पत्ते खेळली पोरगी, तर काय आभाळ कोसळतं?"

ताई भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"कोसळतं," ती म्हणाली. "तू काम कर तुझं."

म्हणजे हीसुद्धा नवऱ्याच्याच बाजूची! मामाचा पारा आणखी चढला. ज्या ताईने लहानपणी त्याच्या सगळ्या खोड्या आईपासून लपवल्या होत्या, ती हीच का?

तो परत आला तेव्हा आकडा हलला होता. मामा नखं कुरतडत बसून राहिला. शेवटी पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि प्रो अवतरली. त्याने एकेक बंदी घातली. मन लागत नव्हतं, पण हाताला कामचुकारपणा ठाऊक नव्हता.

"बघा तपासून," तो तुटकपणे म्हणाला.

दाजी खुर्चीत बसले. त्यांनी खेळ उघडून पाहिला. नकार आला. मग दुसऱ्या वाटेने गेले, मग तिसऱ्या. एरवी नेटवर बिल भरायलाही मामाला फोन करणाऱ्या दाजींचा हात माउसवर झरझर फिरत होता. प्रत्येक वेळी पडद्याने नकार दिला. दाजींनी मोठा श्वास सोडला आणि कपाळ पुसलं.

पोरीला अडवायला माणूस काय काय शिकतो, मामाच्या मनात आलं.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "मुख्य पासवर्ड. तो ज्याच्याकडे, त्याच्याच हातात सगळ्या किल्ल्या. टाका, दाजी. अंदाजाने ओळखता येईल असा नको." मग त्याला राहवलं नाही. "चिऊ, तू जरा बाहेर जा बाई. तुझ्यासाठीच तर चाललाय सगळा खटाटोप."

चिऊने पुस्तक मिटलं आणि ती उठली. दाजीही उठले. त्यांनी खुर्ची खाली केली, इतकी खाली की चिऊचे पाय जमिनीला टेकावेत. तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. मग मामाकडे न बघता ते खोलीबाहेर गेले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

चिऊ खुर्चीत बसली आणि तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"चांगला लांबलचक टाक गं," दारापलीकडून दाजींचा आवाज आला. "आणि मी कितीही हातापाया पडलो, तरी मला सांगू नकोस."