वस्तऱ्याचा दगड

निजामाच्या राज्यातली गोष्ट. वाशीच्या गुंडप्पा न्हाव्याचा धार लावायचा दगड झिजून मधे खोलगट झाला होता, वस्तरा धार धरेना. गावकुसाबाहेर राहणाऱ्या सटवानं चार दिवस ओढा पालथा घातला, बारीक पोताचा दगड हुडकला आणि घासून काचेसारखा सपाट करून दिला. गुंडप्पानं त्यावर पाणी शिंपडून तो शुद्ध करून घेतला, मग वस्तरा घासून पाहिला.

"ब्येस हाय. काय देऊ?"

"काय नगं, अण्णा. उद्या माझ्या पोराचं लगीन हाय, तेवढी त्याची दाढी करा."

"लई माजलास व्हय रं? तुमच्या गालाला हात लावल्यावर गाव माझ्यापुढं बसंल का?"

सटवाच्या अंगाची लाहीलाही झाली. "माझा दगड चालतो, अन् माझं पोरगं न्हाय?"

त्यानं दगड हिसकून घेतला, तडक बाजारातून वस्तरा आणला आणि सकाळी स्वतःच पोरापुढं बसला. रागाच्या भरात त्यानं वस्तरा जोरानं ओढला. नवरदेवाच्या गालावर तीन ठिकाणी रक्त आलं.



त्या उन्हाळ्यात वस्तीत आणखी दहा लग्नं झाली. दहाही नवरदेवांच्या दाढ्या सटवानंच केल्या, आणि रक्त पुन्हा कुणाच्याच गालावर आलं नाही.