लांब नळीची बंदूक

"रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहा न जरा," मंजू म्हणाली.

किशननं आधी तिच्याकडं, मग दुकानदाराकडं पाहिलं. मालेगावच्या बाजारात भर दुपारी बायको छर्र्याची बंदूक हातात धरून उभी, आणि नवऱ्यानं रस्ता ओलांडून तिला पाहायचं. त्याचा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. परवा ऊसतोडीची टोळी निघणार होती. कोयत्याला मूठ बसवायची राहिली होती, छपरावर ताडपत्री टाकायची होती, आईची औषधं घ्यायची होती. आणि मंजूनं सकाळपासून एकच धरलं होतं. घरामागच्या वाडीत घुशी माजल्यात, रताळी उकरून खातात, बंदूक पाहिजे. तुम्ही जायच्या आधी पाहिजे.

दुकानदार जगदेव भला माणूस होता. त्यानं एक हलकी, आखूड बंदूक पुढं केली होती. नळी खाली वाकवून छर्रा भरायला सोपी, नेम धरायला सोपी, घुशीला एवढी पुष्कळ झाली, असं त्याचं म्हणणं. वानर, मोर, पोपट यांच्यावर चुकूनही चालवू नका, गुन्हा होतो, हेही त्यानं बजावलं. किशनला ती पटली होती. मंजूनं तिला हात लावला नाही. तिनं मागच्या फळीवरची, लाकडी दस्त्याची, लांब काळ्या नळीची उतरवायला लावली. ती भरायला गेली तर नळी अर्ध्यावर अडली. पुन्हा जोर लावला, पुन्हा अडली. तरी तिनं ती सोडली नाही.

किशन चरफडत रस्त्यापलीकडं गेला. मधून एक एसटी गेली. धूळ खाली बसली तेव्हा पायरीवर मंजू उभी होती, बंदूक छातीशी आडवी धरून.

"खरी वाटते का?" तिनं तिकडूनच विचारलं.

खरी वाटत होती. किशननं मान हलवली आणि परत येऊन सांगितलं, की शोभेची वस्तू नेऊन काय करायचं, तुला ती भरताही येत नाही. जगदेवनंही समजावून पाहिलं. मंजूनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हीच पाहिजे.

तिनं ती खोक्यात घालू दिली नाही. मोटारसायकलवर मागं बसून खांद्याला टेकवून उभी धरली. तलावाच्या काठचा रस्ता जवळचा होता, पण तिनं गाडी खालच्या गावातून घ्यायला लावली. स्टँडवर थांबायला लावली. कधी हॉटेलात पाय न टाकणारी मंजू तिथल्या बाकड्यावर बसून चहा प्याली. बंदूक शेजारी ठेवली. कोणी विचारलं की मोठ्यानं सांगायची, घुशीसाठी घेतली. किशनला लाज वाटत होती. चहा अर्धा टाकून तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर त्याची आई, नानीबाई, खाटेवरून विचारू लागली, आणलं का, काय आणलं. तिची नजर गेली होती, पायही गेले होते. तिच्यासाठीच मंजूला मागं राहावं लागे. त्यांचं घर तांड्यापासून सुटं, शेताच्या कडेला. टोळी गेली की तांड्यातही म्हातारी माणसंच उरत.

दिवस कलला. रागातच किशन मागच्या वाडीत गेला. बिळं तरी पाहून ठेवू, बुजवून जाऊ, असं त्याच्या मनात होतं. त्यानं रताळ्याचे वेल उचलून पाहिले. वांग्याच्या ओळी पाहिल्या. कुंपणाच्या कडेनं फिरून पाहिलं. कुठं एक बीळ नव्हतं, कुठं माती उकरलेली नव्हती.

आता मात्र तो जाब विचारायलाच निघाला. घराच्या कोपऱ्याशी आला आणि थबकला. मंजू दारात बसली होती. बंदूक मांडीवर होती. तिचं तोंड रस्त्याकडं होतं.

खालच्या गावाकडून एक मोटारसायकल आली. फाटकापाशी आली तशी सवयीनं व्हावी तशी हळू झाली. चालवणाऱ्यानं एक पाय खाली टेकवला, आत मान वळवली. मंजू जागची हलली नाही. तिनं फक्त बंदूक मांडीवरून उचलून उभी धरली. तो माणूस क्षणभर पाहत राहिला. मग त्यानं पाय उचलला आणि गाडी दामटली.

मंजूचे खांदे खाली आले. तेव्हा कुठं तिला किशन दिसला.

मग तिनं सगळं सांगितलं. टोळी गेल्या साली गेली तेव्हापासून तो येत होता; किशन घरी असला की नुसती फाटकापाशी गाडी हळू करून जायचा. आधी पाणी मागायचा. मग नुसताच उभा राहायचा. एकदा पार घरात आला. नानीबाईनं कोण आहे म्हणून विचारलं, तर बोलला नाही, हसत उभा राहिला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी त्याले मारलं असतं. तुमी जेलात गेले असते, अन् मी पुन्हा एकटीच."

किशन बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिला. शेवटी त्यानं फोन काढला आणि टोळीचा मुकादम हेमसिंग याला सांगितलं, की या साली माझ्या जागी दुसरा कोणी पाहा. हेमसिंगनं कारण विचारलं. घरचं काम आहे, एवढंच किशन म्हणाला. तसा तिकडून हेमसिंग हसला.

"काहून, बायकोले करमत नाही वाटते?"

गेल्या साली रोज संध्याकाळी, याच वेळेला, उसाच्या फडात मंजूचा फोन यायचा. कवा येता, एवढंच ती विचारायची. फोन ठेवला की सगळी टोळी किशनकडं पाहायची, आणि किशन हसत हसत सांगायचा, बायकोले करमत नाही.