मधला पाइप

या, जवळ सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं. गोष्ट ओंजळभर आहे, पण वास मारणारी आहे. ज्याला किळस येते त्यानं नाकाला रुमाल लावून ऐकावी, पण ऐकावी.

लेक शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि तिचा हात कोपरापर्यंत पन्हळीत बुडाला होता. छपराच्या कडेची ती पत्र्याची पन्हळ दोन्ही टोकांना लखलखत होती. मधे मात्र, आईच्या खोलीच्या नेमकी वर, काळा लगदा काठोकाठ साचला होता. कुजलेली पानं, पिसं, शेवाळ, आणि वर पन्हळ धुवायच्या औषधाचा हिरवट फेस. फेसाखाली बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिनं ओढून काढलं. पारव्याचं पिल्लू होतं, किंवा कधीकाळी असावं. तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. ते गिळून तिनं पिल्लू दोरीला टांगलेल्या बादलीत टाकलं आणि हात पुन्हा आत घातला.

खाली अंगणात विटांची एक ओळ होती. ओळीच्या अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा. घराची वाटणी झाली तेव्हा दोन टोकं दोघांनी घेतली आणि मधली खोली आईची म्हणून सामाईक ठेवली.

“माझी बाजू बघ,” थोरला म्हणाला. “आरशासारखी. चांगल्यातलं औषध आणलं. हात लावायचं कामच नाही, नळी धरायची आणि फवारायचं.”

“आणि घाण कुठं गेली, दादा?”

“वाहून गेली.”

“वाहून कुठं गेली?”

थोरल्यानं छपराकडं न बघता धाकट्याकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतोस?” धाकटा म्हणाला. “ताई, मी लांब दांड्याचा ब्रश आणला. माझ्या बाजूचं पान न् पान ढकललंय.”

“ढकललंस, ते दिसतंय मला.”

पन्हळीचा उतार दोन्हीकडून मधे होता आणि पाणी खाली नेणारा एकुलता एक पाइपही मधेच होता. तो कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. दोघांनी आपापलं टोक धुऊन काढलं आणि सगळा गाळ त्या पाइपाच्या तोंडात नेऊन बसवला. मग पाणी भिंतीत मुरायला लागलं. सकाळी लेक आली तेव्हा आईच्या उशाजवळची भिंत बुरशीनं काळी पडली होती आणि पांघरुणावर तोच हिरवट फेस ठिबकत होता. आईच्या छातीला आता ओल सोसायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आभाळ तर खाली उतरून आलं होतं. पाइप मोकळा झाला नाही, तर आजचं पाणी सरळ उशीवर येणार होतं.

“एखादा माणूस तरी बोलवायचा.”

“आला होता ना,” धाकटा म्हणाला. “त्यानं विचारलं, शिडी कुणाच्या अंगणात लावू. मी म्हणालो दादाच्या, दादा म्हणाला धाकट्याच्या. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.”

“उद्धट होता,” थोरला म्हणाला.

देवानं माणसाला दोन हात दिले. त्यांची आपसात वाटणी करा, असं काही सांगितलं नव्हतं. असो.

बादली गच्च भरली. पाइपाचं तोंड अजून हाताला लागत नव्हतं. लेकीनं दोरी सैल सोडली. बादली भिंतीवर घासत खिडकीपर्यंत आली आणि काठावरून काळा ओघळ सुटला.

“घ्या कुणीतरी. रिकामी करून द्या, लवकर.”

“इकडं नको,” थोरला मागं सरला. “आत्ताच फरशी धुतलीय.”

“इकडं कुंड्या आहेत,” धाकटा म्हणाला. “आणि घाण त्याच्या बाजूची आहे, ताई. फेस बघ की. मी औषध वापरतच नाही.”

“पानं कुणाच्या झाडाची आहेत? विचार त्याला.”

“झाड माझं, पण फांदी तुझ्याकडं गेलीय.”

“गेलीय ना? मग काप म्हणून किती वेळा सांगितलं?”

दोघांनी काखा वर केल्या. वारा सुटला तसा वास त्यांच्याकडं वळला आणि दोघांनी एकदमच नाक दाबलं, अगदी सख्ख्या भावांसारखं. लेकीनं वरून त्यांचे हात बघितले. नखांच्या कडेलासुद्धा मळ नव्हता. मेलेलं पिल्लू मुठीत धरताना जी किळस तिनं गिळली होती, ती आता गिळवेना. बादली सरळ दोघांच्या डोक्यांवर उपडी करावी, असं तिच्या मनात आलं. दोरीला झोकाही दिला तिनं.

तेवढ्यात बादलीशेजारची खिडकी उघडली. आधी खोकला बाहेर आला, मग आईचा हात. तिनं बादलीचा काठ धरला. काळा चिखल तिच्या मनगटावरून बाहीत उतरला, तरी तिनं हात काढला नाही.

“किती वेळ धरशील, बाळे? हात भरून येईल तुझा. आत सोड.”

“आत कुठं, आई?”

“माझ्या खोलीत ओत. इथं कुणाची हद्द नाही.”

आणि तिनं पलंगापुढची चटई पायानं बाजूला सारून जागा करून दिली.

एवढीच गोष्ट. आता उठाल, आपापल्या घरी जाल, जेवायच्या आधी हात धुवाल. हात धुताना त्या माउलीची आठवण काढा.