सात मीटर वीस

‘काका, तुम्ही बसायचात कुठे?’ मोईनने विचारलं.

बाबांनी सोफ्यावर हात ठेवला. ते तिथेच बसले होते.

‘मग हे काय भरलंय?’

मोईनचं जवळच्या रोल्ला भागात दुकान होतं. जुने डिस्क प्लेअर दुरुस्त करून तो विकायचा. मूळचा खेडचा, त्यामुळे बाबांशी मराठीतच बोलायचा. आज तो त्यांचं होम थिएटर घेऊन जायला आला होता. नेण्याआधी सगळं तपासत होता. आधी दारातून रिमोट दाबून पाहिला, मग सोफ्याजवळ येऊन.

‘याचा डोळा अधू झालाय. सोफ्यापलीकडून रिमोट धरतच नाही. ते होईल दुरुस्त. पण हे बघा.’ टीव्हीवर सेटिंगचं पान उघडं होतं. ‘माणूस जिथं बसतो, तिथवरचं अंतर इथं भरायचं असतं. म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज त्या जागी एकदम पोचतो. तुम्ही मधल्या स्पीकरला भरलंय सात मीटर वीस. एवढा तर तुमचा हॉलपण नाही.’



मंजुषा खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. महिनाअखेरीला फ्लॅटची चावी द्यायची होती. बाबांना ती दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आपल्या घरी नेणार होती. त्यांच्या सामानातल्या कशालाही तिने नाही म्हटलं नव्हतं. फक्त हे यंत्र तिला आपल्या घरात नको होतं. कारण तिने सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही.

आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. शेवटचे चार महिने ती आतल्या खोलीतून बाहेर आलीच नव्हती. उजेड डोळ्यांना सोसत नव्हता, म्हणून पडदे कायम ओढलेले. आवाजही गेला होता. तिच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा असे. काही लागलं तर वाजवायला. ती सोय मंजुषानेच केली होती.

आणि बाबा बाहेर सिनेमे बघत. रोज. आवाज मोठा करून. आधी चष्म्याच्या फडक्याने डिस्क पुसत, मधून कडेकडे, गोल कधीच नाही. मग उजेडात धरून निरखत. मंजुषा दर रविवारी यायची. टीव्हीखालचा मधला स्पीकर तिला तिरका झालेला दिसायचा. धूळ पुसताना ती तो सरळ करून ठेवायची. पुढच्या रविवारी तो पुन्हा तिरका.

अशाच एका रविवारी आतून वाटी वाजली. एकदाच. टण्.

बाबा उठले नाहीत. त्यांनी रिमोट उचलला, सिनेमा जरासा मागे नेला आणि तेच वाक्य पुन्हा लावलं. वाटीच्या आवाजात त्यांचं वाक्य बुडालं असणार.

मंजुषाच आत धावली. आईने मान हलवली आणि हातानेच सांगितलं, काही नाही, तू जा बाहेर. आईने जन्मभर असंच निभावून नेलं, असं मंजुषाच्या मनात आलं. त्या दिवसापासून ती बाबांशी कामापुरतं बोलू लागली.

‘चुकीचा आकडा कशाला द्यायचा दुसऱ्याला?’ ती उठत म्हणाली. ‘मोजून टाकू या.’

अवजारांच्या पेटीत मोजायची टेप होती, लोखंडी डबीतली. भाड्याचा पलंग आईच्या खोलीच्या दारातून आत जाईल का, हे बघायला तिनेच ती आणली होती.

मोईनने चित्र तपासायला एक डिस्क लावली आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. टेपचं टोक त्याने मधल्या स्पीकरवर दाबून धरलं. ‘यल्ला, चला ताई. जा मागे.’

सोफ्यापर्यंत दोन मीटर साठ भरले.

‘बघा,’ मोईन म्हणाला. ‘सात मीटर वीस म्हणजे काका दुबईत बसून सिनेमा बघत होते.’

मंजुषा हसली नाही. स्पीकर आजही तिरका होता. त्याचं तोंड सोफ्याकडे नव्हतंच. ते ज्या दिशेला होतं, त्या दिशेने ती टेप सोडत चालू लागली. सोफ्याची कड मागे पडली. दारापाशी चार मीटर दहा. दार ओलांडून ती आत गेली. खोली रिकामी होती. पडदे काढून झाले होते. फरशीवर पलंगाच्या चाकांचे चार काळे डाग उरले होते.

सात मीटर वीसचा आकडा उशाकडच्या दोन डागांच्या बरोबर मधे आला.

ती तिथेच उभी राहिली. बाहेर सिनेमातली कुणी बाई अगदी हळू आवाजात काही सांगत होती. शब्द न शब्द कळत होता. कुणी शेजारी बसून बोलावं, तसा.

ती मागे वळली. टेपची डबी खिडकीच्या चौकटीवर आपटली. टण्.

बाहेरचं बोलणं थांबलं. क्षणभराने त्या बाईचं तेच वाक्य पुन्हा सुरू झालं.

‘परत का लावलंत, काका?’ मोईनचा आवाज आला.

बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला.

‘तिचं वाक्य हुकलं असेल,’ ते म्हणाले.