मोजणीत एक कमी

टेकडीच्या माथ्यावर सौरवने तिसऱ्यांदा डोकी मोजली आणि तिसऱ्यांदाही एकतीसच भरली. यादीत बत्तीस होती.

"हलू नका ना बावा कोणी, जागेवर उभे राहा," असं म्हणत तो एकेका टोपीला बोट लावत पुन्हा निघाला. मनीषनगरच्या या ट्रेकिंग ग्रुपच्या टोप्या पोपटी होत्या, जंगलात माणूस लांबून दिसावा म्हणून. पावसाळा नुकताच संपला होता, त्यामुळे जंगलही पोपटीच होतं.

रुपराव ढोबळे कडेच्या दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होते. ती बांधलेलीच होती. बत्तिसावं डोकं कोणाचं, हे त्या टेकडीवर फक्त त्यांनाच माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं, की 'फॅमिली ट्रेक'चा फॉर्म एकट्या माणसाला घेतच नव्हता. 'किमान दोन सदस्य' असं लाल अक्षरात यायचं आणि खालचं बटण दबायचं नाही. रुपरावांनी चार रविवार घरात बसून ते बटण दाबून पाहिलं. पाचव्या रविवारी दुसऱ्या रकान्यात वंदनाबाईंचं नाव टाकलं, वय अठ्ठावन्न, आणि फॉर्म झटक्यात गेला. वंदनाबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

पुढे काही जमवावं लागलंच नाही. बसमध्ये सौरव फॅमिलीची हजेरी घ्यायचा. "ढोबळे फॅमिली?" "हाव, आहे." तर्री-पोह्याची दोन पाकिटं हातात यायची, दोन्ही रुपराव संपवायचे. असे दोन ट्रेक निभावले. आज मात्र नाक्यावरच्या वनरक्षकाने वाघ फिरून राहिला म्हणून सांगितलं, आणि सौरवला डोकी मोजायची बुद्धी झाली.

"काका, काकू कुठी आहे?"

सगळ्या टोप्या वळल्या. खरं सांगितलं तर पुढचे सगळे रविवार गेले, हे रुपरावांना दिसत होतं. तरी त्यांनी सांगायला तोंड उघडलं. पण इंदूबाई आधी बोलल्या.

"अरे, त्या त मागं राहिल्या. मी पाह्यलं ना. आवळ्याच्या झाडाखाली गुडघा धरून बसल्या होत्या. हिरवा ड्रेस."

"हिरवा नाही, इंदूकाकू, जांभळा," भैरवी म्हणाली. "मले त्यायनं चिक्की देल्ली."

"बसमध्ये माह्याच मागं होत्या," एक गृहस्थ म्हणाले. "रस्ताभर खोकलून राहिल्या होत्या."

वंदनाबाईंना खोकला होता खरा. रुपरावांनी त्या गृहस्थांकडे जरा नीट पाहिलं.

मग मात्र साक्षीदार वाढतच गेले. कोणी त्यांना ओढ्यावर हात दिला होता, कोणी त्यांच्याकडून कढीपत्त्याच्या चटणीची कृती घेतली होती. रुपरावांनी सौरवला हाताला धरून बाजूला नेलं.

"सौरव, आयक माह्यं. ती आलीच नाही. ती वारली, बाप्पा. दीड वर्षाच्या वर झालं."

सौरवने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तीन ट्रेकमध्ये तुमच्या नावानं दोन-दोन पाकिटं गेले. काकू नव्हत्या त खाल्ले कोणी?"

"मीच."

"दोन्ही?"

"हाव."

"या वयात?" सौरवने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मागे वळून म्हणाला, "काकाले धक्का बसला आहे. ग्लुकोज कोणाजवळ आहे? आणि फोटो काढू नका कोणी."

"खरं सांगून राहिलो, बाप्पा."

"बारा जणांनी पाह्यलं काकूले. बारा जण खोटं बोलतीन का?"

रुपरावांना सावलीत बसवण्यात आलं. बेत ठरला: सगळ्यांनी हाताच्या अंतरावर रांग धरून नदीपर्यंत उतरायचं, जोरात हाक मारायची, आणि सौरवची शिट्टी झाली की एकदम गप्प राहून कान द्यायचा. इंदूबाईंचा पाय दुखत होता, म्हणून त्यांना रुपरावांजवळ ठेवलं. पोपटी टोप्या उतरू लागल्या आणि पाच मिनिटांत झाडांमध्ये दिसेनाशा झाल्या.

इंदूबाईंनी बाटलीत ग्लुकोज हलवून त्यांच्या हातात दिलं. "घ्या भाऊ. सापडतीन. एवढी काळजी नका करू."

रुपराव प्यायले.

"इंदूबाई, तुमी खरंच पाह्यलं तिले?"

"मंग? खोटं कायले बोलू?"

"काही बोलली का ती?"

इंदूबाईंनी जरा आठवल्यासारखं केलं. माणूस विचारतोच आहे तर रिकाम्या हाती कसं पाठवायचं, असा त्यांचा स्वभाव होता.

"म्हणे, आमचे हे पाहा कसे सुसाट चालते. बाई मागं राहिली का काय, वळूनही पाहत नाही."

रुपरावांनी बाटलीचं झाकण लावलं.

"हाव," ते म्हणाले. "म्हणतच राहे ती."

खालून पहिली हाक आली. वंदनाकाकू. मग एकामागून एक, बायकांच्या, पुरुषांच्या, पोरांच्या आवाजात, नदीच्या वळणापर्यंत तेच नाव. दीड वर्षात ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. समोरच्या डोंगराने ते परत पाठवलं.

शिट्टी वाजली. अख्खं खोरं एकदम गप्प झालं.

रुपरावांनी टोपी काढली, कान वाटेकडे केला आणि श्वास रोखून धरला.