मतदारांचा रॅम्प

शाळेच्या सात पायऱ्या आई दोन वर्षं चढत होती, आधी पोरीला पाठुंगळीला घेऊन, मग परत उतरून तिची व्हीलचेअर उचलून. रॅम्पसाठीचे पाच अर्ज हेडमास्तरांनी गिळले, ढेकरही दिला नाही. शाळेत मतदान ठरलं आणि एका दिवसात लाकडी रॅम्प हजर! मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पोर पहिल्यांदाच स्वतः चाकं फिरवत निम्म्यावर पोचली, तोच टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, आटपा लवकर, रॅम्प न्यायचाय." "अहो, हिला रोज लागतो," आई म्हणाली. "मतदारांसाठी असतो तो. पुढच्या निवडणुकीला आणू की परत." हेडमास्तर दारातूनच म्हणाले, "वरून ऑर्डर आहे, बाई." आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं व्हीलचेअरचा ब्रेक खटकन लावला आणि रॅम्पवरच फतकल मारली. "पोरगी सात वर्षांची आहे. मतदार व्हायला अकरा वर्षं उरलीत. तेवढं थांबा."