लेनचा गुडघा

लेन प्रुसाक मैदानात आडवा झाला आणि गुडघा धरून विव्हळू लागला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

थँक्सगिव्हिंगची सकाळ होती. टर्की एकदा ओव्हनमध्ये सरकवली की जेवणापर्यंत जुन्या खेळाडूंनी शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलमध्ये भिडायचं, ही आमच्या खाणगावाची रीत. कुणाला पाडायचं नाही, चेंडूवाल्याला दोन्ही हात लावले की डाव थांबला. आणि क्वार्टरबॅक कायम लेनच, चेंडू फेकायचा तो त्यानंच. अठरा वर्षं मोठ्या संघांतून खेळला, दोनदा अजिंक्यपद आणलं, अन् एवढ्या धसमुसळ्या खेळात एक हाड मोडलं नाही पठ्ठ्याचं. त्याच्याकडे चेंडू मागायची कुणाची छाती?

बाकावर व्हर्न केसलर बसला होता. शाळेचा खरा क्वार्टरबॅक हा. चाळीस वर्षांपूर्वी ह्याच मैदानात त्याचा गुडघा गेला, म्हणून लेनला उतरवलं. एकाचं हाड मोडतं तेव्हा दुसऱ्याचं नशीब उघडतं, ह्या खेळाची गोमच ती. व्हर्न जन्मभर लोकांची छपरं शाकारत राहिला. यंदा त्यानं नवा गुडघा बसवून घेतला आणि बायकोच्या, डोरीनच्या, मागे टुमणं लावलं: एकदा, फक्त एकदा इथून चेंडू फेकायचाय. पण लेनला विचारेल तर शपथ.

"व्हर्न, तूच ये बाबा," लेन कण्हत म्हणाला. "दुसरं आहे कोण?"

सोंग सगळ्या गावाला कळलं, व्हर्नलाही. तरी तो उठला, पँट वर ओढली आणि मैदानात उतरला. पहिला चेंडू चिखलात. दुसरा थेट डोरीनच्या कॉफीवर. काठावर हशा पिकला. तिसरा मात्र सुटला तो पार टोकाच्या रेषेपलीकडे, त्याच्याच संघातल्या पोस्टमनच्या छातीत. टचडाउन, पूर्ण सहा गुण! डोरीन नाचायलाच लागली. व्हर्नच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही.

लेन टुणकन उठला, धावत येऊन त्याला कवटाळलं आणि चेंडूसाठी हात पुढे केला. गुडघा बरा झाला, म्हणाला.

व्हर्ननं चेंडू काखेत मारला. "घाई करू नकोस, गड्या. आधी पूर्ण बरा हो. तोवर संघ मी सांभाळतो."

लेनचा हात तसाच राहिला. चाळीस वर्षांपूर्वी दवाखान्यात व्हर्नच्या खाटेशी बसून तो शब्दन् शब्द हेच बोलला होता. मग तो जो हसत सुटला, तो हसतच बाकावर जाऊन बसला. आणि जेवणाची वेळ होईतो व्हर्नच्या नावानं सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होता तोच.